जंगलात वाट चुकली आणि समोर अस्वल आलं, तर?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नावात वाघ असला, तरी पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगरात वाट चुकलेल्या माणसासमोर गवा, बिबट्या किंवा अस्वल येण्याची शक्यता जास्त असते.

अस्वल हल्ला का करतं?

माणूस हे त्याचं भक्ष्य नाही. ते वाळवी, मुंग्या, फळं, मध खातं. पण त्याची नजर कमजोर असते. माणूस अगदी जवळ आल्यावर ते दचकतं आणि अंगावर धावतं. अशा हल्ल्यात डोकं आणि चेहऱ्याला गंभीर जखमा होतात. म्हणून दाट झाडीतून मोठ्याने बोलत चालावं.

दिसलंच तर?

पळू नका. ते माणसापेक्षा वेगाने धावतं, झाडावरही चढतं. त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडा, दोन्ही हातांनी मान झाका, सॅक पाठीवरच ठेवा. ते लांब जाईपर्यंत उठू नका.

बिबट्यासमोर मात्र आडवं पडू नका, वाकूही नका. हात वर करून ओरडा.

हल्ल्यानंतर काय?

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. रक्त थांबल्यावर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा. जखम छोटी असली तरी रेबीजची लस घ्यायलाच हवी. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागासाठी १९२६ हा क्रमांक आहे. रेंज नसेल, तर अंधारात वाट शोधत फिरू नका. मोकळ्या जागी थांबून शिट्टी वाजवत राहा.