मोअरचं इंजिन धाप टाकतंय? आधी चोक ओढून बघा

आज कोडिंग नाही, आज गवत.

आम्ही ओहायोत राहतो. अंगण मोठं, म्हणून बसून चालवायचा जुना मोअर घेतला. एप्रिलमध्ये सुरू केला, तर इंजिनचा वेग आपोआप वर-खाली, वर-खाली. दुकानदार म्हणाला, इंजिनच बदला. खर्च मोअरच्या किमतीपेक्षा जास्त! म्हटलं, थांबा, आधी डीबग करू.

हे होतं कशामुळे? इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की वेग पडतो. मग गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वेग चढतो, गव्हर्नर परत थ्रॉटल मिटतो. हाच लूप चालू राहतो. म्हणजे गव्हर्नर बहुतेक वेळा निर्दोष असतो, त्याचा स्क्रू पिळू नका.

चाचणी सोपी आहे. मोअर उघड्यावर, ब्रेक लावलेला, पाती बंद. चालू इंजिनात चोक अर्धा ओढा. चोक हवा कमी करतो. आवाज सुधारला, तर पेट्रोल कमी पडतंय: जेट तुंबलाय किंवा कार्ब्युरेटरच्या गॅस्केटमधून जास्तीची हवा शिरतेय. उलट आवाज बिघडला आणि काळा धूर आला, तर एअर फिल्टर बघा. दहा-पंधरा मिनिटं नीट चालून दम तोडत असेल, तर टाकीचं झाकण सैल करून बघा. त्याचं हवेचं भोक बुजलेलं असू शकतं.

माझा आवाज चोक ओढताच सुधारला. कारण मीच! हिवाळाभर टाकीत जुनं पेट्रोल ठेवलं होतं. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. वर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो आणि बारीक जेट बुजतो.

इंजिन थंड केलं, स्पार्क प्लगची वायर काढली, जुनं पेट्रोल उपसलं, जेट कार्ब क्लीनरने धुतला. जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठं होतं. ताजं पेट्रोल भरलं आणि इंजिन एकसुरात चाललं. खर्च एका क्लीनरच्या डब्याचा.

एक नियम लक्षात ठेवा: एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन एकदम बदलल्या तर बग कुठे होता ते कधीच कळत नाही.

आणि हो, यंदा हिवाळ्याआधी टाकी रिकामी करणार, मग कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवणार. चला, भेटू पुढच्या भागात!