यार्ड नेमके कुणाचे?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही, पाळी लागते. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याची पाळी पहिली. असे ३२ संघ सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू वाटून घेतात आणि त्याआधी वर्षभर स्काउट मंडळी एकेका पोराच्या मागावर असतात. यात रनिंग बॅक, म्हणजे चेंडू काखेत घेऊन बचावफळीत घुसणारा गडी, पारखायला सगळ्यांत सोपा वाटतो. चेंडू घेतला, पळाला, किती यार्ड गेला ते मोजलं, झालं. पण त्या यार्डांपैकी बरेचसे त्याचे नसतात.

त्याच्या पुढ्यात तीनतीनशे पौंडांचे पाच लाइनमन असतात. समोरच्यांना रेटून ते फट पाडतात आणि ती फट जिथवर पोचते तिथवरचं श्रेय त्यांचं. बचावाने मध्यभागी सात गडी उभे केले होते की आठ, यावरही बरंच ठरतं. क्वार्टरबॅकची, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणाऱ्याची, फेक धोकादायक असेल तर बचाव पांगतो आणि धावणाऱ्याला आयती वाट मिळते. म्हणून फिल्म पाहताना अनुभवी स्काउट आधी धावणाऱ्याकडे बघतच नाही. लाइनने काय कमावून दिलं ते पाहून तो फिल्म मागे घेतो आणि मग विचारतो, त्यापुढे या पोराने स्वतःचं काय घातलं?

हा प्रश्न किती महागात पडू शकतो याचं उदाहरण ट्रेंट रिचर्डसन. अलाबामाकडून २०११ साली त्याने १,६७९ यार्ड काढले, दर धावेमागे सरासरी ५.९. क्लीव्हलँड ब्राउन्सने २०१२ मध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पण त्या अलाबामा लाइनमधल्या बॅरेट जोन्सला त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनचा आउटलँड पुरस्कार मिळाला होता, आणि चान्स वॉर्मॅक व डी. जे. फ्लुकर हे तिथलेच दोघे २०१३ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या-अकराव्या क्रमांकावर गेले. राखीव गडी एडी लेसी याच लाइनमागे धावून रिचर्डसनपेक्षा जास्त सरासरी काढत होता. राखीव गड्याला पुष्कळदा थकलेला बचाव मिळतो हे खरं, तरी हा आकडा पाहून कुणीतरी थबकायला हवं होतं. एनएफएलमध्ये रिचर्डसनची सरासरी ३.३ वर आली. दुसऱ्याच हंगामात ब्राउन्सने त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं. मला वाटतं, त्याची ताकद खरी होती, पण डोळ्यांची परीक्षा कॉलेजात झालीच नव्हती.

डोळ्यांची परीक्षा म्हणजे काय, ते फिल्म सावकाश फिरवली की कळतं. झोन पद्धतीत लाइन सगळीच्या सगळी एका बाजूला सरकते. फट कुठे पडेल ते आधी ठरलेलं नसतं, बॅकने ते पाहून एकदाच पाय रोवायचा आणि सरळ घुसायचं. गॅप पद्धतीत वाट आधी ठरलेली असते, तिथे आपली जागा सोडून आडवा धावत येणारा लाइनमन पोचेपर्यंत धीर धरावा लागतो. एकीत शोभणारा दुसरीत गोंधळू शकतो. टेरेल डेव्हिसला डेन्व्हरने १९९५ मध्ये थेट सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर घेतलं. तिथली झोन पद्धत त्याच्या अंगाला बसली आणि १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले.

दुसरी गोष्ट धडकेनंतरची. कबड्डीत पाय धरलेला चढाईपटू धड पुढे झोकून रेषेला हात लावतो, तसा पकडला गेलेला बॅक आणखी दोन यार्ड ओरबाडतो का? हे यार्ड वेगळे मोजले जातात, कारण ते बहुतांशी त्याचे स्वतःचे असतात.

मोजपट्टीचा भाग फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्व चाचणीत, येतो. ४० यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरची धाव टीव्हीवर सगळ्यांत गाजते. नुसता वेळ मात्र अर्धवट माहिती देतो. किती वजन घेऊन तो पळाला हेही हवं. बिल बार्नवेल या लेखकाने त्यासाठी ‘स्पीड स्कोअर’ काढला. वजन पौंडांत घेऊन २०० ने गुणायचं आणि वेळेच्या चौथ्या घाताने भागायचं. २०१८ मध्ये सेकॉन बार्कली २३३ पौंडांचा असून ४.४० सेकंदांत पळाला. त्याचा आकडा येतो १२४. शंभर म्हणजे साधारण सरासरी. तरीही घड्याळावर फार विसंबू नये. एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक, १८,३५५ यार्ड काढणारा एमिट स्मिथ १९९० मध्ये सतराव्या क्रमांकावर घसरला, त्याला त्याचा बेताचा वेगही कारण होता. कंबाइनमधल्या बेंच प्रेसच्या आकड्यावर तर वेळ घालवण्यातच अर्थ नाही.

ज्याची फिल्म सर्वांत कमी सापडते ते काम म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण. कॉलेजात चेंडू पटकन हातातून सुटतो, त्यामुळे बॅकला अडवायची वेळ कमी येते. एनएफएलमध्ये बरंच अंतर बाकी असलेल्या तिसऱ्या प्रयत्नात दोन लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतले गडी, एकदम चाल करून येतात. कोण येणार हे बॅकने डाव सुरू व्हायच्या आधी ओळखायचं, आतल्या वाटेने येणाऱ्याला आधी घ्यायचं, आणि आपल्यापेक्षा तीस पौंड जड माणसाला छातीवर झेलायचं. एक चूक झाली की संघाचा सर्वांत महाग खेळाडू जमिनीवर. पळण्यात तरबेज असलेला नवखा बॅक बाकावर बसलेला दिसला, तर कारण बहुधा हेच. म्हणून अलाबामातल्या मोबिल शहरी भरणाऱ्या सीनियर बोल या कॉलेज खेळाडूंच्या सामन्याच्या सरावात बॅक विरुद्ध लाइनबॅकर ही समोरासमोरची झुंज स्काउट डोळे न मिटता पाहतात.

वैद्यकीय कागद प्रेक्षकांना दिसत नाहीत, पण कधीकधी तेच निकाल फिरवतात. मायामी विद्यापीठात फ्रँक गोरच्या दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध फाटले होते. २००५ मध्ये तो तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला आणि पुढे सोळा हंगाम खेळून १६,००० यार्ड काढले. टेक्सासच्या जोनाथन ब्रुक्सचा गुडघा २०२३ च्या नोव्हेंबरात गेला, तरी २०२४ मध्ये कॅरोलायनाने त्याला ४६ व्या क्रमांकावर घेतलं. डिसेंबरात तोच गुडघा पुन्हा गेला. गुडघ्याबद्दल छातीठोक बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ब्रुक्स त्या वर्षी निवडला गेलेला पहिला बॅक होता; पहिल्या फेरीत एकही नव्हता. पुढल्याच वर्षी बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी सहाव्या क्रमांकावर गेला. पारख वेगळी आणि किंमत वेगळी. बॅकचं शरीर लवकर झिजतं, सत्ताविशीनंतर उतरण लागते, आणि खालच्या फेऱ्यांतही कामाची माणसं मिळतात, म्हणून संघ वरची पाळी जपून वापरतात. असाच एक गडी रटगर्सचा. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हे विद्यापीठ ठाऊक असतं ते मुलांच्या इंजिनिअरिंगसाठी. तिथला आयझाया पचेको शेवटच्या हंगामात चार यार्डांचीही सरासरी गाठू शकला नव्हता, कारण पुढे वाट पाडणारं फारसं कुणी नव्हतं. कंबाइनमध्ये तो ४.३७ सेकंदांत पळाला. कॅन्सस सिटीने २०२२ मध्ये त्याला सातव्या फेरीत, २५१ व्या क्रमांकावर उचललं, आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये त्याने १५ धावांत ७६ यार्ड काढून एक टचडाउन केला.