मधल्या फळीतला माणूस आणि हरवलेला संघ

चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याने निघाले, भूगाव ओलांडले की भुकूम लागते. मुळशी तालुक्याचा हा भाग कालपरवापर्यंत भाताच्या खाचरांचा आणि तालमींचा म्हणून ओळखला जाई. आज खाचरांच्या जागी गृहसंकुले उभी आहेत, आणि तालमीच्या ओट्यावर बसणाऱ्या मुलांच्या तोंडी मल्लांच्या बरोबरीने फुटबॉलपटूंची नावे आली आहेत. उन्हाळा सरताना, म्हणजे युरोपातील संघांच्या खरेदीविक्रीचे दिवस सुरू होताना, येथील चहाच्या टपरीवर घटकाभर उभे राहिले तरी हा बदल ध्यानी यावा. कोणता खेळाडू कोणता संघ सोडणार, किती रकमेला जाणार आणि त्याची जागा कोणी घ्यायची, यावर जो वाद तेथे रंगतो, त्याच्यापुढे ग्रामपंचायतीची निवडणूकही फिकी पडावी.

२०२५ च्या उन्हाळ्यात या वादाचा विषय होता केव्हिन डी ब्रॉयना. दहा वर्षे मँचेस्टर सिटीच्या मधल्या फळीचा आधार असलेला हा बेल्जियन खेळाडू संघ सोडून इटलीत नापोलीकडे गेला. त्याची जागा कोण भरून काढणार हा प्रश्न मँचेस्टरमध्ये जितक्या पोटतिडकीने विचारला गेला, तितक्याच पोटतिडकीने तो पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतूनही विचारला गेला. एखादा निवृत्त शिक्षक अशा वेळी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला हटकतो, "अरे, त्या विलायतेतल्या संघाशी तुमचा संबंध काय?" आणि विद्यार्थी नम्रपणे, पण ठामपणे सांगतो, "सर, संबंध म्हणाल तर काहीच नाही. पण आमचा म्हणावा असा दुसरा संघ आहे कुठे?"

या उत्तरात थोडी पळवाट आहे आणि पुष्कळसे सत्य आहे. त्यातल्या सत्याकडे वळण्यापूर्वी या वादाची बाजू मांडणे न्यायाचे ठरेल, कारण मोठी माणसे समजतात तितका तो पोरकट नाही. गोल करणारा खेळाडू कोणालाही दिसतो. मधल्या फळीतला खेळाडू कळायला मात्र नजर तयार व्हावी लागते. त्याचे काम एक नसते. कोणी बचावपटूंच्या पुढ्यात उभा राहून प्रतिस्पर्ध्याची चाल मोडतो, कोणी चेंडू राखून खेळाची लय सांभाळतो, तर कोणी एका पासने समोरची सारी तटबंदी फोडतो. एकाच माणसात यांतले दोन गुण एकवटले की तो असामान्य ठरतो. असा माणूस गेला की त्याच्यासारखाच दुसरा शोधणे हा सहसा फसणारा उपाय असतो. सिटीने डी ब्रॉयना गेल्यावर मिलानचा तियानी रायन्डर्स आणि लिऑनचा रायन शेर्की असे दोन वेगळ्या धाटणीचे खेळाडू आणले. एका माणसाचे काम दोघांत वाटून द्यावे लागते, आणि तसे देताना संघाची रचनाच बदलावी लागते, एवढी गोष्ट टपरीवरच्या मुलांना स्वच्छ समजते. कचेरीतला जाणता हेडक्लार्क निवृत्त झाल्यावर त्याच्या टेबलावर नवा माणूस बसवून फायली हलत नाहीत, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी तरी या मुलांना हसू नये.

हाच वाद २०२४ साली मुंबई सिटीच्या निमित्ताने अधिक जवळ येऊन ठेपला होता. त्या वर्षी ४ मे रोजी मुंबईने कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ असे हरवले आणि इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. मुंबईच्या मधल्या फळीचा कणा होता मिझोरामचा अपुइया, पूर्ण नाव लालेंगमाविया राल्टे. चषकावरचे हात सुकतात न सुकतात तोच, अवघ्या काही आठवड्यांत, हा अपुइया मोहन बागानमध्ये दाखल झाला! ज्यांना हरवले त्यांच्याच घरी आपला कर्ता माणूस निघून जावा, ही गोष्ट मुंबईच्या चाहत्यांना किती लागली असेल, याची कल्पना करता येते. मुंबईने मग गोव्याकडून ब्रँडन फर्नांडिसला आणले. तो गोव्याच्या संघात सात वर्षे होता. तेव्हा एका गावची हळहळ दुसऱ्या गावी पोचली, इतकेच झाले. पुढल्याच हंगामात मोहन बागानने साखळीतील अव्वल स्थानाची ढाल आणि चषक अशी दोन्ही मानचिन्हे पटकावली. त्यात एकट्या अपुइयाचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण मुंबईचे चाहते ते मोजल्यावाचून राहिले नसतील.

खेळाडूने संघ सोडू नये, असे कोणी म्हणणार नाही. एक काळ असा होता की करार संपल्यावरही खेळाडू जुन्या संघाच्या दावणीलाच बांधलेला असे. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मान या खेळाडूने न्यायालयात दाद मागितली आणि १९९५ साली युरोपियन न्यायालयाने ही दावण कापून टाकली. आपल्याकडे कोलकात्याच्या मैदानावर तर संघबदलाच्या दिवसांत नामांकित खेळाडूंना लपवून ठेवण्याची रीत होती. ज्याच्या हाती खेळाडूचे टोकन, त्याचा तो खेळाडू. भारताचा मॅराडोना म्हणून ज्याचा गौरव झाला, तो मधल्या फळीतला कलावंत कृशानु डे १९८५ साली मोहन बागान सोडून ईस्ट बंगालमध्ये गेला आणि १९९२ साली पुन्हा मोहन बागानमध्ये परतला. दोन्ही वेळा अर्धे कोलकाता रडले आणि अर्धे नाचले. मात्र एक गोष्ट त्या काळीही अढळ होती आणि आजही आहे. कृशानु गेला, आला, पुन्हा गेला, तरी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल जागच्या जागी होते.

पुण्याचे दुखणे नेमके येथे आहे.

पुण्याला खेळाडू लाभले नाहीत असे नव्हे. अशोक पिरामल समूहाने २००७ साली स्थापन केलेला पुणे एफसी हा संघ आय-लीगमध्ये २००९-१० च्या हंगामात तिसरा आणि २०१२-१३ च्या हंगामात दुसरा आला. त्या संघाच्या मधल्या फळीत इझुमी अराता होता. जपानी आई आणि गुजराती वडील यांचा हा मुलगा जपानमध्ये वाढला, भारतात खेळायला आला, जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि २०१३ साली भारताच्या संघातून खेळला. नीळकंठ हे त्याचे भारतीय नावही पुढे रूढ झाले. पुण्याकडे येण्यापूर्वी तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये होता. देशाचे अजिंक्यपद मिळवलेला तो संघ २०१० साली मालकांनी बंद केला. पुणे एफसीच्या वाट्याला तेच यायला पुढे पाचच वर्षे लागली. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, आणि पुढे अराता तिच्यात कोलकात्याकडून खेळला. पुण्याचा माणूस तेव्हा पुण्याच्या नव्या संघात नव्हता. आणि २०१५ साली पुणे एफसीच्या मालकांनी वरिष्ठ संघ मोडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळून त्याच वर्षी गेला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ साली बाहेर पडला. एवढ्या थोड्या काळात एवढे संघ गमावण्याचा विक्रम दुसऱ्या एखाद्या भारतीय शहराच्या नावावर असेल, असे वाटत नाही.

उरला एफसी पुणे सिटी. या संघाने पहिल्या वर्षी फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे, दुसऱ्या वर्षी रुमानियाचा एड्रियन मुटू आणि तिसऱ्या वर्षी मालीचा मोहम्मद सिसोको अशी उतारवयातली बडी नावे आणली. प्रत्येकाचा मुक्काम एका हंगामाचा! धर्मशाळेत उतरलेल्या प्रवाशांवर कोणी किती जीव लावावा? चौथ्या हंगामात मात्र चित्र पालटले. २०१६ च्या स्पर्धेत दिल्लीकडून सर्वाधिक दहा गोल करणारा ब्राझीलचा मार्सेलिन्हो पुण्यात आला, त्याच्या जोडीला मधल्या फळीत ऑस्ट्रियाचा मार्को स्टॅन्कोविच होता, आणि पुण्याच्याच अकादमीत घडलेला आशिक कुरुनियन हा मलयाळी तरुण बहरू लागला. २०१७-१८ मध्ये हा संघ प्रथमच उपान्त्य फेरीत गेला. तेथे तो बंगळूरुकडून हरला खरा, पण त्या हिवाळ्यात बालेवाडीच्या स्टेडियमला घराचे रूप आले होते. डिसेंबर २०१७ मध्ये भूगावात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या आणि अभिजित कटकेने गदा उंचावली. त्याच दिवसांत महामार्गाने थोड्याच अंतरावर असलेल्या बालेवाडीला मार्सेलिन्होचा खेळ पाहायला मिळत होता. भुकूमच्या पोरांनी इतके सुख त्यापूर्वी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही पाहिलेले नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात चाहत्यांपुढे प्रश्न आला तो नेहमीचाच. आशिक बंगळूरुला गेला. मार्सेलिन्हो राहणार की जाणार? त्याच्या जागी कोण? वाद रंगात आला असतानाच ऑगस्टमध्ये वेगळीच बातमी आली. आर्थिक अडचणीत सापडलेल्या मालकांनी संघच सोडून दिला होता आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली होती. मार्सेलिन्हो आणि स्टॅन्कोविच दोघेही तिकडे गेले. मधल्या फळीच्या जागी माणूस शोधत बसलेल्या चाहत्यांचा अख्खा संघच दुसऱ्या शहरी गेला. हैदराबादने २०२२ साली चषक जिंकला. २०२५ साली तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. त्याच वर्षी लीग चालवण्याच्या कराराचा पेच पडून साऱ्या देशाचा हंगाम ठरल्या वेळी सुरू झाला नाही, ही त्यावरची कडी.

यात दोष कोणाचा, याचे उत्तर मालकांकडे बोट दाखवून संपत नाही. पदरचे पैसे ओतून तोटा सोसणाऱ्याला कधी तरी हात आखडावा लागतो, आणि अशा संघांत तोटा हाच नियम असतो. दोष आहे तो रचनेचा. संघ हा एका कंपनीने शहराच्या नावे घेतलेला परवाना. शहराचे त्यात नावापलीकडे काही नसते. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ मालकांनी २००३ साली मिल्टन कीन्स या गावी हलवला. पण ते होणार असे दिसताच चाहत्यांनी २००२ सालीच आपल्या मालकीचा नवा संघ उभा केला, नवव्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली, आणि २०११ साली तो व्यावसायिक लीगमध्ये परत आणून दाखवला. जर्मनीत तर संघातील मताधिकाराचा अर्ध्याहून अधिक भाग सभासदांकडे राहावा असा नियमच आहे.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. कोल्हापूरला पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब या नावांना कोणी मालक नाही. त्यांना पेठ आहे. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की तेथेही कोण कोणत्या पेठेचा अंगरखा घालणार यावर रात्री जागवल्या जातात. परगावचे, परदेशचेही खेळाडू आणले जातात. पेठेची ईर्षा शाहू स्टेडियमवर कधी कधी दगडफेकीपर्यंत जाते, सामने थांबवावे लागतात, आणि हे कोल्हापूरला भूषणावह नाही. परंतु पाटाकडील तालीम उद्या हैदराबादला हलवली, असे कोणी थट्टेनेही म्हणणार नाही. तालीम ही वास्तू आहे, वर्गणी आहे, आखाड्यातली माती आहे. फुटबॉल त्यावर नंतर उगवला.

आणि तालमीची ही रीत मुळशीला परकी आहे काय? मल्ल गाव सोडून मोठ्या संकुलात जातो, वस्ताद बदलतो, त्यावर गावात बोलाचाली होतात. पण गावची तालीम विकली गेल्याचे ऐकिवात येत नाही. फुटबॉलला ही मांडणी लागू करायची तर फार मोठे भांडवल लागणार नाही. पुणे जिल्ह्याच्या साखळीत खालच्या गटातून नव्या संघाला सुरुवात करता येते. लागते ती नोंदणी, अठरा-वीस मुले, शिकवणारा एक जाणकार, आणि मैदान. यांतली पहिली तिन्ही भुकूम-भूगाव-पिरंगुट या पट्ट्यात आज मिळतील. अडचण आहे मैदानाची. जमिनीला फुटाच्या हिशेबाने भाव आलेल्या या भागात मुलांना तासाच्या भाड्याने हिरव्या गालिच्याच्या टर्फवर पाच-पाच जणांचे सामने खेळावे लागतात. तेथे मधल्या फळीला वावच नसतो. चेंडू बचावपटूच्या पायातून निघतो तो थेट गोलासमोर पोचतो. डी ब्रॉयनाच्या वारसाविषयी तासन्तास बोलणाऱ्या या मुलांपैकी पुष्कळांनी पूर्ण लांबीच्या मैदानावर अकरा जणांचा सामना क्वचितच खेळला असेल.

गृहसंकुलांच्या आराखड्यांत मोकळ्या जागा दाखवाव्या लागतात, गावांना गायरानेही असतात. त्यांतली एक जागा सलग शंभर मीटर लांब आणि खेळासाठी राखून ठेवा, अशी मागणी ग्रामसभेत करण्याचा हक्क टपरीवरच्या त्या अठरा वर्षांवरील प्रत्येक मतदाराला आहे. पुढल्या जूनमध्ये युरोपातला आणखी कोणी तरी आपला संघ सोडेल आणि वाद पुन्हा पेटेल. ग्रामसभा त्याआधी, १ मे रोजी भरते.