दांडगोबाला घरचा करताना

1913 साली अलास्कातल्या नोम गावात सायबेरियन हस्की जातीचं एक पिल्लू जन्मलं. जपानी ॲडमिरलच्या नावावरून त्याचं नाव पडलं टोगो. अंगाने किरकोळ, लहानपणी आजारी आणि त्यात भारी खोडकर. मालक लिओनहार्ड सेप्पालाने सहा महिन्यांच्या टोगोला घरात पाळायला म्हणून दुसऱ्याला देऊन टाकलं. तिथे लाड होते, काम नव्हतं. काही आठवड्यांत टोगोने बंद खिडकीची काच फोडून बाहेर उडी घेतली आणि काही मैल धावत मूळ घर गाठलं. परत आल्यावरही तो स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये घुसून गोंधळ घालायचा. शेवटी त्याला आवरायचा दुसरा उपाय उरला नाही म्हणून सेप्पालाने त्यालाच स्लेजला जुंपलं. आठ महिन्यांचं ते पोर पहिल्याच दिवशी पंचाहत्तर मैल धावलं.

पुढे 1925 च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. औषध पोहोचवायला वीस स्लेजचालक आणि सुमारे दीडशे कुत्रे कामाला लागले. त्यातला सगळ्यांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा सेप्पालाच्या चमूने पार केला. त्या चमूच्या पुढे होता सुमारे बारा वर्षांचा टोगो.

त्याच जातीचे कुत्रे आज मुंबई-पुण्याच्या शेल्टरमध्ये सापडतात. सोबत जर्मन शेफर्ड असतात, लॅब्रेडॉर असतात, रॉटवायलर असतात आणि कुठल्याच चौकटीत न बसणारे उंचेपुरे, धिप्पाड मिश्र कुत्रेही असतात. बहुतेकांची कहाणी सारखीच. दोन महिन्यांचं गुबगुबीत पिल्लू घरी येतं, चार महिने त्याचे फोटो निघतात. वर्षभरात त्याचं वजन तीस किलोच्या घरात जातं आणि मग सोफा फाटतो, पाहुणे यायचे थांबतात, आजी पडता पडता वाचते. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंडगार पाण्यात कोळ्यांची जाळी ओढायचे. जर्मन शेफर्ड दिवसभर मेंढरांमागे धावायचा. अशा जनावराच्या वाट्याला वन बीएचके आणि संध्याकाळची पंधरा मिनिटं आली, तर उरलेली ताकद ते कुठेतरी काढणारच. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपाशी-तहानलेलं वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. असल्या दंडाला कोण भिणार?

म्हणून शेल्टरमधल्या मोठ्या, अंगात रग असलेल्या कुत्र्याला घरी न्यायचं ठरवणाऱ्या माणसाचं मनापासून कौतुक करावं. मात्र त्याला एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी. दत्तक टिकणार की मोडणार, हे कुत्र्याच्या रगेपेक्षा घरातली माणसं एकाच नियमाने वागतात की नाही, यावर ठरतं.

पिंजऱ्यासमोर उभं राहून कुत्र्याची पारख करणं फसवं असतं. जाळीवर पंजे आपटणारा, गोल गोल फिरणारा, भुंकून घसा बसलेला कुत्रा घरातही असाच असेल, असं नाही. अमेरिकेत ओहायोमधल्या एका शेल्टरमध्ये मायकल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. शेल्टरमधल्या पहिल्या तीन दिवसांत ते घरातल्या कुत्र्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट होतं. म्हणजे आपण पाहतो तो स्वभाव कमी आणि घाबरगुंडी जास्त. उलट हंगेरीतल्या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं, की शेल्टरमधल्या प्रौढ कुत्र्याला एकाच माणसाचा दहा-दहा मिनिटांचा सहवास तीनदा मिळाला तरी त्याला त्या माणसाचा लळा लागायला सुरुवात होते. फक्त तीस मिनिटं! मोठं झालेलं कुत्रं नव्या माणसाला जीव लावत नाही, हा आपल्याकडचा समज यापुढे टिकत नाही.

जातीवरून अंदाज बांधायलाही मर्यादा आहे. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं जेमतेम नऊ टक्के उत्तर जातीत सापडलं. तेव्हा पाटीवरची जात वाचण्यापेक्षा रोज त्याला जेवण घालणाऱ्या दादाला विचारावं. पट्टा लावल्यावर किती ओढतो? ताटलीजवळ हात नेला तर गुरगुरतो का? दुसऱ्या कुत्र्याशी कसा वागतो? लहान मुलं दिसली की काय करतो? ही माणसं कुत्र्यांना खरोखर ओळखतात आणि विचारलं तर सहसा आडपडदा ठेवत नाहीत.

घरी आल्यावर तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा या क्षेत्रातली माणसं सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराचा रोजचा क्रम कळतो आणि घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. शास्त्राचा नियम नव्हे, अनुभवाचा हिशेब आहे. पहिल्याच रविवारी सगळ्या नातेवाइकांना कुत्रा बघायला बोलावू नये, एवढं त्यावरून कळलं तरी पुष्कळ.

खरी कसोटी लागते दाराच्या बेलशी.

बेल वाजते. बत्तीस किलोचा कुत्रा पॅसेजमधून सुसाट येतो आणि आलेल्या माणसाच्या छातीवर दोन्ही पाय टेकवतो. आई ओरडते, “खाली!” बाबा हसून त्याचं डोकं कुरवाळतात, “अरे, प्रेम करतोय तो.” मुलगा “डाऊन, डाऊन” म्हणत त्याला पट्ट्याने मागे खेचतो. आजी काठी उगारते. चार माणसांचे चार कायदे. यातून कुत्रा एवढंच शिकतो, की उडी मारत राहावी, कधी ना कधी कुरवाळणं मिळतंच. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून नेमकं हेच दाखवलं होतं. दर वेळी बक्षीस मिळवून देणारी सवय बक्षीस बंद झालं की लवकर सुटते. कधी मिळतं, कधी मिळत नाही अशी सवय मात्र लॉटरीच्या नादासारखी चिवट असते. म्हणून दहापैकी नऊ वेळा रागावून एकदा लाड करणं हे रोज लाड करण्यापेक्षाही वाईट.

उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा आहे. घरातल्या एकाने बाहेर जाऊन बेल वाजवायची. दुसऱ्याने आत कुत्र्याचा पट्टा धरायचा, हातात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे ठेवायचे. दार उघडलं आणि चारही पाय जमिनीवर असले, की त्याच क्षणी तुकडा द्यायचा आणि तोही जमिनीलगत, म्हणजे नाक खालीच राहतं. उडी मारली तर ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, डोळ्यांत बघायचंही नाही. बाहेरच्याने पाठ फिरवायची, दार लोटायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजवायची. एका बैठकीत सात-आठ वेळा, दिवसातून दोनदा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उड्या कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. आजवर चाललेली युक्ती चालेना म्हणून कुत्रा जोर लावून बघतो. बरीच घरं नेमकी इथेच हार मानतात. खरं तर शिकवणी लागू पडत असल्याची ही खूण असते. आज्ञांचे शब्दही ठरवून घ्यावेत आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत. ‘बस’ ठरलं तर सगळ्यांनी ‘बस’च म्हणायचं. कामाला येणाऱ्या मावशींना आणि दुधवाल्यालाही नियम सांगायचा, कारण कुत्र्याच्या लेखी तेही घरचेच.

‘त्याला मालक कोण ते दाखवून द्या’ हा सल्ला अजूनही फुकटात मिळतो. त्याचं मूळ 1947 सालच्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या संशोधनात आहे. त्यांनी बंदिस्त जागेत कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांचा अभ्यास केला होता. डेव्हिड मीच यांच्या 1970 मधल्या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली. पुढे मोकळ्या रानातल्या लांडग्यांचे कळप पाहिल्यावर खुद्द त्यांनीच ती खोडून काढली. रानातला कळप म्हणजे आईवडील आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामारी नसते. तरीही आपल्याकडे काटेरी पट्टे विकले जातात आणि कुत्र्याला उताणं दाबून धरायला शिकवणारे ‘ट्रेनर’ भेटतात. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये 92 पाळीव कुत्र्यांची तुलना केली, तेव्हा धाकदपटशाने शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त आढळली. शेल्टरमधून आलेलं जनावर आधीच धास्तावलेलं असतं. त्याच्यावर हात उगारणारा प्रशिक्षक दारातूनच परत पाठवावा.

रगेचं काय करायचं? पहिलं उत्तर सुचतं ते पळवण्याचं. तासभर चेंडू फेकला की कुत्रा दमतो खरा, पण रोज तेवढंच केलं तर त्याचा दम वाढत जातो आणि घरात आणखी कसलेला धावपटू तयार होतो. पळण्याच्या जोडीला नाकाला काम हवं. जुना टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्यात भाकरीचे तुकडे आणि थोडं कोरडं खाद्य टाकून गुंडाळी करायची आणि शोधायला सोडायचं. फिरायला गेल्यावर झाडाच्या बुंध्याशी, गेटच्या खांबाशी त्याला मनसोक्त हुंगू द्यावं. ‘चल, चल’ म्हणत ओढत नेलेला अर्धा तास त्याच्या फारसा उपयोगाचा नाही. ओढण्याची खोड असेल तर गळ्यातल्या साखळीऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस घ्यावा. ओढलं की पुढे जाण्याऐवजी कुत्रा बाजूला वळतो. आपण तिथेच थांबायचं, पट्टा सैल झाला की चालू लागायचं. पहिला आठवडा सोसायटीचं गेटसुद्धा गाठलं जात नाही, आणि त्यात काही बिघडत नाही.

आपल्या हवेचाही विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ऊन चढायच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावरच फिरवावं. डांबरावर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवून बघावी, आपल्याला चटका बसला तर त्याच्याही पंज्यांना बसतो. पावसाळ्यात गोचिडांचा ताप आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो या दोन्हींचा धोका असतो. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना यांत चालढकल नको. सोसायटीने कुत्रा पाळायला बंदी घातली, लिफ्ट नाकारली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. तसं करता येत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. त्याबरोबर पट्टा हातात ठेवणं आणि घाण स्वतः उचलणं हेही आलंच.

हीच रग काही ठिकाणी मुद्दाम शोधली जाते. वॉशिंग्टन विद्यापीठात सॅम्युअल वॉसर यांनी उभ्या केलेल्या प्रकल्पात कुत्री शेल्टरमधूनच निवडली जातात, तीही चेंडूसाठी वेडी झालेली, घरात कुणाला न आवरणारी. त्यांना वन्यप्राण्यांच्या विष्ठेचा वास ओळखायला शिकवतात. सापडली की बक्षीस चेंडूचं. त्यातला टकर नावाचा काळा लॅब्रेडॉर मिश्र कुत्रा स्वतः पाण्याला घाबरायचा, पण बोटीच्या नाळेवर उभं राहून समुद्रावर तरंगणारी ऑर्का व्हेलची विष्ठा हुंगून शोधायचा. आपल्याकडे उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरच्या ठेंगा नावाच्या कुत्र्याला हुंगण्याच्या कामासाठी तयार केलं. त्यांच्या श्वानपथकात तोवर जातिवंत कुत्र्यांचाच मान होता, त्यामुळे ठेंगाची भरती विशेष महत्त्वाची.

सगळ्यांनी मात्र असा कुत्रा आणू नये. दोघंही बारा तास घराबाहेर असतील, घरात काठी टेकत चालणारं माणूस असेल, किंवा ‘मुलगा सांभाळेल’ एवढ्याच भरवशावर कारभार चालणार असेल, तर शेल्टरमधला सात-आठ वर्षांचा शांत कुत्रा निवडावा. त्यालाही घर हवंच असतं आणि त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही.

दांडगोबाच हवा असेल, तर येत्या रविवारी नुसतं भेटायला जा. घरातल्या प्रत्येकाला सोबत न्या, लागोपाठ तीन रविवार तेच करा आणि दर वेळी त्याला पट्टा लावून बाहेर अर्धा तास चालवा. शक्य असेल तर दोन रात्रींसाठी त्याला घरी आणू द्याल का, असं शेल्टरवाल्यांना विचारा. सकाळी सहाला कोण उठणार, हे सगळ्यांसमोर ठरवा. मग दत्तकपत्रावर सही करा.