पंगत, चहा आणि कादंबरी

रशियन किंवा इंग्रजी कादंबरीत नाचाची मेजवानी आली की वाचक सावरून बसतो. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) डार्सी एलिझाबेथबरोबर नाचायचं टाळतो, आणि तिथूनच दोघांची तेढ सुरू होते. टॉल्स्टॉयची ॲना व्रॉन्स्कीबरोबर नाचते, तेव्हा आपल्या हातून काय निसटलं ते व्रॉन्स्कीवर जीव लावून बसलेल्या किटीला भर दिवाणखान्यात कळतं. कोण कोणाचं होणार, हा प्रश्न तिथे मेजवानीतच सुटतो किंवा अडकतो. मराठी कादंबरीला ही सोय नव्हती. नायिकेचं लग्न कळत्या वयाआधीच लागून गेलेलं. मग चार माणसं एकत्र आणून कादंबरीकाराने करायचं काय?

हरिभाऊ आपट्यांनी याचं उत्तर ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये शोधलं. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून यमूची ही कहाणी क्रमशः छापली. पुण्यातल्या घरात माणसांची वाण नाही. पण बाया माजघरात, पुरुष ओटीवर. सणवार, लग्न, सुतक, काहीही असो, एकत्र जमणं म्हणजे एकमेकींवर नजर ठेवणं. सून काय बोलली, किती हसली, पदर कुठे होता, याचा हिशेब तिथे होतो. नायिकेला कोणी निवडायचं उरलेलं नसतं. ती पदोपदी तपासली जाते.

नंतर यमू मुंबईला येते आणि कादंबरीचा श्वास मोकळा होतो. नवऱ्याचे, रघुनाथरावांचे, मित्र आणि त्यांच्या बायका एका खोलीत बसतात, वाचतात, वाद घालतात. परपुरुषासमोर तोंड उघडायचं म्हटल्यावर यमूची जी गाळण उडते, ती आज वाचताना हसू येतं आणि लगेच ओशाळायलाही होतं. माझ्या मते मराठी कादंबरीतली पहिली खरी ‘पार्टी’ हीच. ना पक्वान्नं, ना वाद्यं. नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांशी बोलावं, एवढाच तिचा थाट. अभ्यासकांनी या कादंबरीतल्या केशवपनावर पुष्कळ लिहिलं, ते योग्यच आहे. पण मुंबईतल्या त्या बैठका नसत्या, तर पुढचा घाव इतका खोल गेला नसता. रघुनाथराव जातात, यमू पुण्याला परतते, आणि सासरचे शंकरमामंजी बळजबरीने तिचं वपन करवतात. मुंबईत तिला बोलायला शिकवणारी चार माणसं होती. इथे घर भरलेलं, आणि तिच्या बाजूने उभं राहणारं कोणी नाही.

आपटे फार ताणतात, असं कोणाला वाटलं तर त्याने त्याच वर्षीचं पुणं पाहावं. १८९०च्या ऑक्टोबरात ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये सभेच्या निमित्ताने रानडे, टिळक यांच्यासह बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली. पुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता मान राखला. ही सगळी खटपट गोपाळराव जोश्यांची, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांची. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवली आणि शहर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य म्हणजे बहिष्काराचा वाद झाला, प्रायश्चित्तं झाली. कपभर चहाने एवढं होत असेल, तर कादंबरीकाराला नाचाची मेजवानी हवी कशाला?

पुढच्या शतकात घरातली गर्दी कादंबरीतून हळूहळू ओसरली आणि गाव पुढे आलं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांची वाडी राबून तालीम बांधते आणि उद्घाटनाला औंधचे राजे येतात. त्या दिवशी वाडी जगाच्या नकाशावर आल्यासारखी वागते. नंतर पाऊस दगा देतो आणि तीच माणसं मेंढरं घेऊन पांगतात. समारंभ आधी आणि दुष्काळ मागून, हा क्रम माडगूळकरांनी उगाच धरलेला नाही. ‘कोसला’त (१९६३) गर्दी कॉलेजातली, पांडुरंग सांगवीकर मेसचा कारभार अंगावर घेतो आणि मित्रांच्या जेवणावळीत स्वतःच बुडतो.

आमच्या वऱ्हाडाकडे वळलं की उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) आधी आठवते. कौतिकच्या घरात कोणाला जेवायला बोलवावं अशी वेळच फारशी येत नाही. पाहुणा म्हणजे आणखी एक तोंड. वऱ्हाडी बोलीतले तिचे संवाद वाचताना जाणवतं, की गरिबाच्या कादंबरीत पंगत न बसणं हीसुद्धा एक घटना असते.

आणि यवतमाळ? २०१९च्या जानेवारीत इथे ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागे घेतलं. योगायोग असा, की त्यांची ‘रिच लाइक अस’ ही साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी आणीबाणीतल्या दिल्लीच्या एका श्रीमंत घरच्या जेवणापासून सुरू होते. बोलावणं आणि टाळणं यांत किती राजकारण असतं, हे त्या लेखिकेला कोणी सांगायची गरज नव्हती. शेवटी उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. मंडपातल्या कित्येकांना तेच भाषण लक्षात राहिलं असेल.

याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या दाभडीला २०१४च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली होती. एरवीही माणसं जमतातच. पोळ्याला तोरणाखाली गाव जमतं आणि झडत्यांतून, म्हणजे टोमण्यांच्या पद्यांतून, सरकारपासून सावकारापर्यंत सगळ्यांना टोले बसतात. थंडीत शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी होते, आणि बाभळीखाली कापसाच्या भावावरून आवाज चढतात. कर्जापायी गेलेल्याच्या तेरवीला वाढपी कोण, उधारी कोणाची, पुढारी किती वाजता आले, हे सगळं गाव बारकाईने बघत असतं. आपट्यांनी माजघरावर जेवढी नजर रोखली, तेवढी या तेरवीवर रोखणारी यवतमाळची कादंबरी मी अजून वाचलेली नाही. कोणी लिहायला घेतलीच, तर त्याने सुरुवात सातबाऱ्यापासून न करता वाढप्यांपासून करावी.