पेशींच्या वखारीतील आवक-जावक

उपवास केला असता शरीरातील पेशी स्वतःची झाडलोट करतात, आणि या गोष्टीवर नोबेल पारितोषिकाची मोहोर उमटली आहे, असा मजकूर अलीकडे घरोघरी वाचण्यात येतो. उपवासाची परंपरा ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, अशा आपल्या समाजास या वार्तेने आनंद व्हावा हे स्वाभाविकच होय. परंतु माल पारखून घेण्याची ज्यांस सवय, त्यांनी वार्ताही पारखूनच घ्यावी. यास्तव ही झाडलोट शास्त्रज्ञ मोजतात तरी कशी, याचा थोडा विचार करू.

पेशीतील जीर्ण भाग दुहेरी पापुद्र्याच्या पिशवीत बांधले जातात. ती पिशवी लायसोसोम नामक आम्लयुक्त कोठारास जाऊन मिळते, आणि तेथे त्या मालाचे विघटन होऊन उपयुक्त द्रव्ये पेशीच्या कामी येतात. क्रिस्तियाँ द दूव यांनी १९६३ साली या क्रियेस ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. पुढे जपानमधील योशिनोरी ओसुमी यांनी किण्वपेशींवर (यीस्टवर) प्रयोग केले. पिशव्या येताक्षणीच विघटित होत असल्याने दृष्टीस पडत नसत. म्हणून त्यांनी विघटनाची द्रव्ये नसलेल्या पेशी घेऊन त्या उपाशी ठेवल्या; तेव्हा काही तासांतच आत पिशव्यांचा ढीग दिसू लागला. हे कार्य १९९२ साली प्रसिद्ध झाले व २०१६ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मोजमापाकडे वळू. एलसी-३ नावाचे प्रथिन या पिशव्यांच्या पापुद्र्यास चिकटते; त्याचे हे चिकटलेले रूप मोजले की पिशव्यांचा अंदाज येतो. परंतु खरी मेख येथेच आहे. वखारीत पोती वाढलेली दिसली, तर आवक वाढली असेल, अथवा जावक खुंटली असेल. केवळ शिल्लक पाहून उलाढाल सांगणारा मुनीम कोण ठेवील?

म्हणून शास्त्रज्ञ बॅफिलोमायसिनसारख्या द्रव्याने मागचे दार काही काळ बंद करतात आणि दोन्ही वेळची शिल्लक ताडून पाहतात. समजा, दार उघडे असता २० पोती व बंद केल्यावर ५० दिसली, तर त्या अवधीतील जावक ३०. पेशी उपाशी ठेवल्यावर हेच आकडे ४० व १०० झाले, तर जावक ६०. म्हणजे व्यवहार खरोखर दुप्पट झाला. परंतु एखाद्या औषधाने ते ४० व ४२ झाले, तर शिल्लक तितकीच वाढूनही जावक केवळ २. तेथे व्यवहार वाढला नसून तुंबला आहे.

दुसरी साक्ष पी-६२ या प्रथिनाची. ते मालाबरोबरच नष्ट होते, म्हणून ते साचले तर जावक मंदावल्याचा संशय घ्यावा. मात्र पेशी ते नव्यानेही अधिक घडवू शकते. तिसरी रीत दोन रंगांची: हिरवा रंग आम्लात मावळतो, तांबडा टिकतो. दोन्ही मिळून पिवळा ठिपका दिसला तर पिशवी वाटेवर आहे, केवळ तांबडा दिसला तर ती कोठारात पोचली. विद्युत्कण-सूक्ष्मदर्शकाने पिशवी प्रत्यक्ष दिसते खरी, परंतु ते एका क्षणाचे छायाचित्र होय. यास्तव या शास्त्रातील अनेक संशोधकांनी मिळून २००८ साली मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, व २०२१ साली त्यांची चौथी आवृत्ती निघाली. एकाच कसोटीवर विसंबू नये, हे त्यांचे सार.

आता उपवासाविषयी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात उपाशीपणी अनेक अवयवांत या पिशव्या वाढल्या. मेंदूत मात्र तशी वाढ दिसली नाही. म्हणजे एका शरीरातही सर्व पेढ्यांचा हिशेब सारखा नसतो. जिवंत मनुष्याच्या यकृतात दार बंद करून अशी मोजदाद करता येत नाही. तेव्हा अमुक तासांनी झाडलोट सुरू होतेच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यास ‘मोजले कोणी व कसे?’ असे अवश्य विचारावे. मधुमेहादी विकारांवर औषध घेणाऱ्यांनी तर अशा मजकुराच्या भरवशावर, वैद्यकीय सल्ल्यावाचून, उपाशी राहू नये.

व्रताचे मोल श्रद्धेने व संयमाने ठरते. त्यास प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. आणि शास्त्राचे मोल चोख मोजमापाने ठरते. त्यास आपल्या उत्साहाची भर नको. दोन्ही खाती वेगळी ठेवावीत, यातच दोहोंचा मान आहे.