कर्नलच्या फायली ‘सापडत नाहीत’ तेव्हा

धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर कन्नड ग्रंथांच्या शेजारी मराठी पुस्तके अजून निघतात. अशाच एका घरातून जुन्या मराठी मासिकांचा एक बांधीव खंड आमच्या विभागाकडे महिनाभरासाठी आला. घर विकले जाणार होते, म्हणून तारीख ठरलेली होती. पानांची छायाचित्रे काढून झाली. पण कागद इतका ठिसूळ, की यंत्राने वाचलेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहायचा तर खंड हाताशी असेपर्यंतच पाहता येणार होता.

छापील अक्षरे वाचणाऱ्या तयार आज्ञावल्या आहेत. ‘टेसरॅक्ट’ मराठीही वाचते. अडचण शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या मजकुरात ‘तें’, ‘केलें’ असे अनुस्वार जागोजाग असतात. आमच्या पानांवरचे असे निम्मे टिंब यंत्र गिळत होते. जुन्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याला ते टिंबच हवे असते. म्हणून आमचा पदव्युत्तर वर्गातला एक विद्यार्थी आमच्याच पानांवर यंत्राला नव्याने शिकवत होता. या शिकवणीला ग्राफिक्स कार्ड लागते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली सहा जुनी संगणकयंत्रे जोडून एक ‘क्लस्टर’ केला होता: एक मुख्य यंत्र, पाच कामकरी, त्यांतल्या दोघांत ग्राफिक्स कार्डे.

खंड परत करायला अकरा दिवस उरले असताना रात्री वीज गेली. सकाळी सर्व यंत्रे चालू होती, पण ग्राफिक्स कार्डे दिसेनात. कार्ड चालवणारा ‘ड्रायव्हर’ पुन्हा बसवायला घेतला तर पडद्यावर उत्तर आले, की चालू कर्नलच्या फायली सापडत नाहीत.

कर्नल म्हणजे काय, हे आधी सांगते. उच्चार लष्करातल्या कर्नलसारखाच, पण शब्द वेगळा. याचा मूळ अर्थ बी किंवा कवचाच्या आतला गर. ‘गाभा’ हा मराठी शब्द मला अधिक आवडतो. मुले मात्र कर्नलच म्हणतात, म्हणून इथेही तोच ठेवते. लिनक्स हा असा एक कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये पुढे आणला. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. आज जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळे लिनक्सवर चालतात. यंत्राची स्मृती, तबकडी, कार्ड यांना हात लावायचा अधिकार या गाभ्याकडे असतो. बाकीच्या आज्ञावल्या त्याच्याकडे मागणी करतात.

मागणी करणारे दोन प्रकारचे असतात, आणि सगळा घोळ इथे आहे. टेसरॅक्टसारखी आज्ञावली दारात उभी राहून मागते. ते दार लिनक्सने वर्षानुवर्षे जपले आहे. कर्नल बदलला तरी ती चालते. ड्रायव्हर मात्र स्वयंपाकघरात शिरून काम करतो, आणि आतली भांडी कर्नलचे रचनाकार हवी तशी हलवतात. ती एका जागी ठेवू असे वचन त्यांनी दिलेले नाही, आणि हे त्यांनी जाणूनबुजून केले आहे. म्हणून बाहेरून आणलेला ड्रायव्हर ज्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये बसायचा, नेमक्या तिच्यासाठीच बांधावा लागतो.

बांधताना ‘हेडर’ फायली लागतात. नाटकाच्या पुस्तकात आरंभी पात्रयादी असते: कोण कोण आहेत, कोण कुणाचे. संवाद त्यात नसतात. हेडर फायली म्हणजे कर्नलची अशी पात्रयादी. कर्नल नुसता चालवायला त्या लागत नाहीत, म्हणून बऱ्याच यंत्रांवर बसवलेल्याही नसतात. मोठ्या क्लस्टरमध्ये कामकरी यंत्राला कित्येकदा स्वतःची तबकडीच नसते. ते सुरू होताना सारी प्रणाली जाळ्यावरून स्मृतीत ओढून घेते. तिथे अनावश्यक वाटणारी प्रत्येक फाइल आधीच छाटलेली असते.

आमच्या विद्यार्थ्याने पाहिले, की मुख्य यंत्रावर हेडर आहेत. त्याने ड्रायव्हर तिथे बांधला. विनातक्रार बांधला गेला. मग कामकरी यंत्रावर नेऊन बसवला, तर कर्नलने ‘रूप चुकीचे’ म्हणून तो नाकारला. इथे मुलाचा धीर सुटला. “मॅडम, सगळं पुसून नव्यानं टाकू का?” असे त्याने विचारले. शिकवलेल्या यंत्राची एकमेव प्रत त्याच तबकडीवर होती, हे त्याच्या आणि माझ्याही उशिरा लक्षात आले.

प्रयोगशाळेचे सहायक कन्नडभाषक. त्यांनी एकच प्रश्न केला, “ईग याव कर्नल नडदैत्रि, मॅडम?” आत्ता कुठला कर्नल चालू आहे?

हाच प्रश्न मी पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला मुलांना विचारते: तुमच्या हातातली प्रत कोणती? अमुक ओवी ‘सापडत नाही’ म्हणणारा विद्यार्थी बहुधा दुसऱ्याच प्रतीची सूची घेऊन बसलेला असतो. ओवी हरवलेली नसते.

उत्तर मिळवायला एक आज्ञा पुरते: ‘यूनेम’, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि ‘आर’, सगळे अर्थात रोमन अक्षरांत. मुख्य यंत्राने सांगितले ५.१५.०-९१. कामकरी यंत्राने सांगितले ५.१५.०-१०१. मग उलगडा झाला. स्वयंचलित अद्ययावतीकरणाने सर्व यंत्रांवर नवा कर्नल कधीच आणून ठेवला होता. पण आणलेला कर्नल यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत चालू होत नाही. मुख्य यंत्र यूपीएसवर होते, म्हणून ते जुन्यावरच राहिले. कामकरी यंत्रे वीज जाताच पडली आणि नव्यावर उठली. ड्रायव्हर जुन्या पात्रयादीवरून बांधून नव्या प्रयोगात पाठवला होता.

पुढची पाहणी ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ या फोल्डरात. तिथे प्रत्येक आवृत्तीच्या नावाचा कप्पा असतो आणि त्यात ‘बिल्ड’ नावाचा दुवा. हा दुवा हेडरच्या जागेकडे बोट दाखवतो. आमच्या कामकरी यंत्रांवर नव्या आवृत्तीचा कप्पा होता, हेडर नव्हते. कारण आरंभी हेडर बसवताना आम्ही ‘९१’ असा आकडा घालून मागवले होते. ते तेवढ्यापुरतेच आले. आकड्याशिवायचे, ‘जेनेरिक’ नावाने मागवले असते तर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर आपोआप आले असते. चूक वर्षभरापूर्वीची, आणि माझ्या देखरेखीखालची.

हेडर मागवताना नावाचा एक चकवा आहे. उबुंटू, डेबियन या घराण्यांत पुडक्याचे नाव ‘लिनक्स-हेडर्स’. रेड हॅटच्या घराण्यात मात्र हवे असते ‘कर्नल-डेव्हल’. तिथले ‘कर्नल-हेडर्स’ दारात उभ्या राहणाऱ्या आज्ञावल्यांसाठी असते, त्यावर ड्रायव्हर बांधला जात नाही. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आली की काय होते, ते आपल्याला माहीत आहेच.

आम्ही आधी शिकवलेल्या यंत्राची प्रत दुसऱ्या तबकडीवर घेतली. मग कामकरी यंत्रांवर १०१ चे हेडर बसवले, ड्रायव्हर तिथेच बांधला, आणि मुख्य यंत्रही पुन्हा सुरू करून सहाही एका आवृत्तीवर आणली. तासाभराचे काम. कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी ‘डीकेएमएस’ नावाची सोय आहे, तीही चालू केली. मात्र तिलाही नव्या आवृत्तीचे हेडर जागेवर लागतातच. तबकडी नसलेल्या क्लस्टरवर असे यंत्रागणिक काही बसवून उपयोग नाही, पुन्हा सुरू होताच ते पुसले जाते. ज्या मूळ प्रतिमेवरून यंत्रे उठतात, तिच्यातच ते घालावे लागते.

शिकवणी संध्याकाळी पुन्हा सुरू झाली. मूळ पानांशी ताडण्याच्या संशयास्पद जागांची यादी आठव्या दिवशी हाती आली. उरलेल्या तीन दिवसांत आम्ही दोघांनी भिंग घेऊन ती संपवली, आणि खंड ठरल्या तारखेला मालकांच्या घरी पोचवला.